मोहल्ल्याचा बडग्या कसा काढायचा

पोळ्याला वीस-पंचवीस दिवस राहिले की मला फोन यायला लागतात, भाऊ आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांना पण यंदा बडग्या काढायचा आहे, कसा बनवतात, किती खर्च येते, पोलीस त्रास देतात का. दरवर्षी तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो, भाषा नागपुरी आहे, पुण्या-मुंबईवाल्यांनी जरा सांभाळून घ्या.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोळा असते श्रावण अमावस्येला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आम्ही ज्याला पाडवा म्हणतो, ज्या दिवशी लहान लेकरांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरते, त्या दिवशी नागपुरात मारबती निघतात. काळी मारबत आणि पिवळी मारबत. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं जुने लोक सांगतात, पिवळी जागनाथ बुधवारीतून तऱ्हाणे तेली समाजाची. दोघींची भेट होते नेहरू पुतळ्याजवळ, तिथे इतकी गर्दी की पाय ठेवायला जागा नसते. या झाल्या मारबती, बाईच्या रूपातल्या. आणि त्यांच्या मागे-पुढे जे पुरुषाचे पुतळे नाचत येतात ते बडगे. मारबत वर्षानुवर्षं तीच, तसाच रंग, तसाच थाट. बडग्या मात्र दरवर्षी नवा, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, रोगाचा, ज्याच्यावर त्या वर्षी लोकांचा राग असेल त्याचा. मिरवणूक संपली की सगळे जाळून टाकायचे आणि ओरडायचं, इडा पिडा रोगराई घेऊन जा गे मारबत!

खेड्यात याच्यासाठी पुतळासुद्धा लागत नाही. पोळ्याला दाराला पळसाच्या फांद्या लावतात, त्यांना मेढे म्हणतात, दुसऱ्या दिवशी अंधारातच उठून ते काढायचे आणि ओरडत ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन फेकायचे, घरातली माशी, मोंगसे, ढेकूण, खोकला घेऊन जा गे मारबत. मोंगसे म्हणजे मच्छर. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटते कारण बडग्या म्हणजे आपल्याकडे लोकांना वाटते की चालतंफिरतं व्यंगचित्र आहे, पोरांची गंमत आहे. तसं नाही ना. तो त्या पळसाच्या फांदीचाच मोठा भाऊ आहे. घरातलं काहीतरी बाहेर न्यायचं आहे, हे ध्यानात ठेवलं तर बडग्या जमते, नाहीतर तुम्ही फक्त एक मोठं बॅनर बनवता ज्याला हातपाय आहेत.

तर पहिलं काम म्हणजे विषय ठरवायचा, आणि तो मीटिंग घेऊन ठरवू नका. मीटिंगमध्ये जो मोठ्यानं बोलते त्याचाच बडग्या निघते. आम्ही सुरुवातीची दोन-तीन वर्षं हेच केलं, समाजमंदिरात बसलो, चहा पिला, कोणीतरी म्हणे शेजारच्या देशाचा काढू, सगळे म्हणे वा वा. मिरवणुकीत जाऊन पाहतो तर आमच्यासारखेच पाच-सहा बडगे आमच्या पुढेमागे, तोच चेहरा, तेच शब्द, कोणी ढुंकून पाहत नव्हतं. टीव्हीवरचा राग उसना असते भाऊ, तो सगळ्यांकडे सारखाच असते.

आता आम्ही डबा फिरवतो. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, झाकणाला फट पाडलेली, आणि वहीची पानं कापून केलेल्या चिठ्ठ्या. पोळ्याच्या पंधरा दिवस आधी दोन पोट्टे आणि दोन पोरी घरोघरी जातात (पोरी पाहिजेतच, कारण दुपारी घरी बाया असतात आणि त्या पोट्ट्यांसमोर मोकळं बोलत नाहीत) आणि एकच प्रश्न विचारतात, या वर्षी घरातून, गल्लीतून काय गेलं पाहिजे? माणसाचं नाव लिहायचं नाही, एवढा एकच नियम. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं पोरांनी लिहून घ्यायचं, पण त्यांच्याच शब्दात, सुधारून नाही. एका आजीनं सांगितलं होतं, "नळाची वाट पाहणं गेलं पाहिजे." आता हे तुम्ही "पाणीटंचाई" असं लिहिलं तर मेलं ना सगळं.

मग एका संध्याकाळी ओट्यावर डबा उघडायचा, सगळ्यांसमोर, आणि चिठ्ठ्यांचे ढीग करायचे. दारू, नाली, मच्छर, सासूची कटकट (ही दरवर्षी दोन-तीन घरांतून येतेच, आणि सुनेची पण तितकीच येते), मोबाईल, पोराची बेकारी. जो ढीग मोठा तो बडग्या. बाकीच्या चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत, त्यांचं काम पुढे आहे. आणि सगळ्या एका वहीत उतरवून घ्या, तारीख टाकून. ही वही कशाला ते शेवटी सांगतो.

माणसाचं नाव नको हे मी इतकं ठासून काहून सांगतो, त्याची एक गोष्ट आहे. एका वर्षी आम्ही बडग्याला एका लोकल माणसासारखा चेहरा लावला, मिशी-बिशी, गॉगल सगळं. आम्हाला वाटलं मोठा धमाका होईल. झालं काय तर तो माणूस स्वतःच मिरवणुकीत आला, हसत हसत बडग्याच्या गळ्यात हार घातला, सेल्फी काढले, आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडे त्याचाच फोटो. आमची नाली तशीच वाहून राहिली आणि त्याची फुकटची पब्लिसिटी झाली. वरून गल्लीतले दोन घरं त्याच्या नात्यातले निघाले, ते वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून चेहरा गोष्टीचा, माणसाचा नाही. नालीला चेहरा द्या, बिलाला द्या, दारूच्या बाटलीला द्या. आणि जात, धर्म, कोणाचा काळा रंग, कोणाचं लंगडणं, यातलं काहीही हसण्यासाठी वापरायचं नाही. पोट्टे करतात, त्यांना थांबवायला एखादा मोठा माणूस लागते.

याच्यावरून एक बाजूची गोष्ट. काळी मारबत म्हणजे बांकाबाई असं लहानपणी आम्हाला सांगायचे, नागपूरच्या भोसले राजघराण्यातली बाई, इंग्रजांना मिळाली म्हणून तिचा निषेध. १८१८ साली अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी गादीवरून काढलं आणि एका लहान पोराला तिथं बसवलं, त्या काळात बांकाबाई दरबारात कारभार पाहत होती, आणि खरी सत्ता रेसिडेंट, म्हणजे दरबारात बसवलेला इंग्रजांचा अधिकारी, जेंकिन्सच्या हातात. मारबत आली १८८१ ला. म्हणजे साठ वर्षं मधे गेली, मिरवणुकीतल्या कित्येकांनी तिला धड पाहिलंही नसेल. राज्य गेलं त्याचा राग शेवटी एका बाईच्या नावावर जमा झाला. मला मारबत आवडते, मी दरवर्षी जातो, पण हे मनात राहतेच की आपल्याकडे पीडेला बाईचं तोंड द्यायला वेळ लागत नाही, पूतना म्हणा की बांकाबाई म्हणा. आणि गंमत म्हणजे त्याच मारबतीची बायका पूजा करतात, लेकरांना पाया पडवतात, आणि मग तिला हाकलतात पण. हे दोन्ही एकदम कसं होते ते मला शब्दात सांगता येत नाही, पण तिथं उभं राहिलं की त्यात काही विचित्र वाटत नाही. बडग्याला हा मान नसते, त्याला कोणी हळद-कुंकू लावत नाही, त्यामुळे बडग्या करणाऱ्याला मोकळीक जास्त आहे. ती मोकळीक वापरा, बाईचा बडग्या करू नका, एवढंच म्हणतो.

आता बनवायचं. सगळ्यात आधी टेप घेऊन गल्लीत फिरा आणि सगळ्यात खाली लोंबणारी वायर किती उंचीवर आहे ते पाहा. हसू नका. ठेल्याची, म्हणजे ज्या हातगाडीवर बडग्या उभा करतो तिची, उंची अधिक बडग्याची उंची ही त्या वायरीच्या दोन-तीन फूट खालीच राहिली पाहिजे, कारण बडग्या सरळ उभा चालत नाही, पोट्टे त्याला नाचवतात. आमचा सात फुटाचा असते, त्याच्यावर जात नाही. वीस फुटाचे बडगे ज्यांच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पैसा आहे त्यांना करू द्या.

बांबू बुरडाकडून घ्या, लाकडाच्या टालवरून नको, आणि त्यालाच कमच्या (बांबूच्या पातळ पट्ट्या) काढून द्यायला सांगा, घरी चाकूनं कमच्या काढायला गेले तर अर्धे पोट्टे बोटं कापून बसतात. पाठीचा कणा म्हणून एक जाड बांबू टाचेपासून डोक्यापर्यंत अखंड पाहिजे, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आम्ही एकदा मानेपासून वर वेगळा तुकडा जोडला होता आणि मिरवणुकीत पहिल्याच नाचात मुंडकं खाली, लेकरं रडायला लागली आणि बाकीचे हसून हसून बेजार. खांद्याला एक आडवा, कमरेला एक आडवा, पायाला दोन. बांधायला सुतळी, आडवी-उभी कैची मारून. तार फक्त मान आणि खांद्याला, आणि किती तुकडे वापरले ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा. पोट कमच्यांच्या गोल कड्यांचं, कोंबड्या झाकायचं डालगं असते ना तसं. डोक्याला उलटी टोपली चालते.

चेहऱ्याला सगळ्यात जास्त वेळ लागते म्हणून तो सगळ्यात आधी सुरू करा. रद्दी पेपरच्या पट्ट्या आणि मैद्याची लई, म्हणजे चिकटवायची खळ, चार थर तरी पाहिजेत, आणि श्रावणातल्या हवेत एक थर वाळायला एक दिवस जाते, कधी दोन. घाई केली की आतून ओला राहते आणि बुरशीचा वास सुटते. लई रोज ताजी शिजवा, दुसऱ्या दिवशी आंबते आणि मग मुंग्या, उंदीर सगळे येतात. कपडे म्हणजे प्रत्येक घरातून एक जुना कपडा, फाटका शर्ट, लुगड्याचा तुकडा, पोराची लहान झालेली पँट. ते जोडून एक मोठा सदरा शिवायचा. आमच्या गल्लीत मशीन असलेल्या दोन बाया आहेत, त्या बसल्या की एका दुपारचं काम. फक्त नायलॉन-पॉलिस्टर बाजूला काढा, जळताना ते वितळून ठिबकते आणि अंगावर पडलं तर चामडी सोडत नाही. सुती घ्या.

थर्माकोल नाही, फ्लेक्स नाही, प्लॅस्टिकचे डोळे नाही. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहेच, पण बंदी नसती तरी नको, कारण शेवटी हे सगळं जळणार आहे आणि जाळणारे आपणच चारही बाजूनी तोंड उघडं ठेवून ओरडत उभे असतो. फ्लेक्स जळला की जो धूर निघते तो घशात जाऊन बसते. मच्छराची पीडा घालवायला आले आणि दमा घेऊन गेले असं नको. पाटी पुठ्ठ्याची, रंग गेरू, चुना, काजळी, हळद, आणि फारच चमक पाहिजे असेल तर पोस्टर कलर.

आत भरायचं तणस, म्हणजे धानाचा पेंढा. धानाचा आपला भाग आहे, भंडारा रोडकडे कोणीही ओळखीचा निघते. पण ते शेवटच्या संध्याकाळी भरायचं, पोळ्याच्या रात्री, तोपर्यंत पोत्यात बांधून कोरडं. आणि त्या तणसात बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या टाकायच्या. हे काम बडग्या बनवणाऱ्यांनी करायचं नाही, ज्याच्या त्याच्या घरच्यानं येऊन आपल्या हातानं टाकायची, म्हातारे, लेकरं, सगळे. आमच्याकडे हे करताना कोणी भाषण देत नाही, माइक नाही, नुसतं गल्लीतल्या लाइटखाली लोक येतात, पोटातल्या भोकात हात घालतात आणि जातात. खरं सांगू का, मिरवणुकीपेक्षा मला हेच जास्त आवडते. सासू आणि सून दोघी एकामागोमाग येऊन टाकतात आणि दोघींना माहीत असते समोरचीनं काय लिहिलं असेल.

घोषणा कशी लिहायची? शेवट ठरलेला आहे, घेऊन जा गे मारबत. त्याच्या आधी तीन गोष्टी, तीनच, आणि तिसरी सगळ्यात लांब किंवा सगळ्यात मजेदार. "नाली, डबकं, डेंगूचा ताप, घेऊन जा गे मारबत." एक पोट्टा पुढचं म्हणते, बाकीचे शेवटचं. लिहिली की दहा वेळा ओरडून पाहा, जिथं जीभ अडखळते तो शब्द काढा. "प्रशासकीय अनास्था" ओरडून पाहा बरं एकदा. शिव्यांबद्दल म्हणाल तर मारबतीत जीभ थोडी सैल असतेच, ते चालायचंच, पण गल्लीतल्या बाया सोबत चालणार असतील तर त्यांना आधी ऐकवा. त्यांना जे म्हणवत नाही ते काढा. म्हणजे असं नाही की त्या लाजतात, बऱ्याचदा त्याच जास्त कडक घोषणा देतात.

परवानगीचं म्हणाल तर तुमच्या ठाण्यात आधी जाऊन सांगा, रस्ता आणि वेळ लिहून अर्ज द्या, पोच घ्या. मोठ्या मिरवणुकीत सामील व्हायचं असेल तर तिथल्या जुन्या लोकांना जाऊन भेटा, ही त्यांची पिढ्यांची गोष्ट आहे, आपण पाहुणे. आणि तिकडे जमलं नाही तर आपल्याच गल्लीत काढा, काही बिघडत नाही. कोरोनाच्या वर्षी, २०२० ला, मोठी मिरवणूक निघाली नव्हती, तेव्हा आम्ही दोन फुटाचा बडग्या केला आणि दारादारातून फिरवला, लोक आपापल्या उंबरठ्यावर उभे राहून ओरडले. आमच्यातल्या कित्येकांना तोच सगळ्यात जास्त लक्षात आहे.

आता जे लोक बाहेरून येतात त्यांच्यासाठी, म्हणजे संस्थावाले, आर्टचे विद्यार्थी, ज्यांना परंपरेतून मेसेज द्यायचा असते. या भाऊ, या, काही हरकत नाही. पण मेसेज आधी आणून त्याला परंपरेचा सदरा घालू नका, लोकांना लगेच कळते. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन. कीर्तन तेच, देव तेच, टाळ तेच, पण दिवसभर झाडताना पाहिलेला माणूस बोलून राहिला म्हणून लोक ऐकायचे. तुम्ही पंधरा दिवस डबा घेऊन फिरा, लई शिजवा, मग तुमचा शब्द चालते.

एका वर्षी कॉलेजची काही मुलं आली होती, खूप गुणी, त्यांनी नालीचा असा काही चेहरा केला, हिरवट काळा, तोंडातून केस आणि पन्नीसारखे कागद बाहेर आलेले, डोळे आतून पिवळे, की लोक लांबून पाहायला यायचे. मिरवणूक झाली, जाळायची वेळ आली, आणि त्या मुलांचा जीव होईना. म्हणे मुखवटा काढून ठेवू, प्रदर्शनात लावू, बाकीचं जाळा. मलाही वाटलं ठेवावा, खोटं कशाला बोलू, फार सुंदर झाला होता. तर गल्लीतली तीच नळवाली आजी पुढे आली आणि म्हणे, "पीडा घरी ठेवता का बे?" झालं. कोणी काही बोललं नाही. ज्या मुलीनं तो केला होता तिनंच काडी लावली. पुढच्या वर्षी ती परत आली, या वेळी तिनं चेहरा झटपट उरकला आणि बाकीचा वेळ डबा घेऊन फिरली. फोटो काढा, व्हिडिओ काढा, पण वस्तू ठेवू नका. ठेवला की तो बडग्या राहत नाही.

जाळायची जागा मोकळी पाहिजे, वर वायर नाही, झाड नाही, जवळ पार्क केलेल्या गाड्या नाहीत. दोन ड्रम पाणी आणि वाळूच्या चार बादल्या. पेट्रोल अजिबात नाही, भडका उलटा अंगावर येते. आतलं तणस कोरडं असेल तर कापूर पुरते. पाऊस येणारच, श्रावण संपला म्हणून पाऊस थोडी संपते, म्हणून ठेल्यासोबत ताडपत्री ठेवा आणि मिरवणुकीत सर आली की लाज न बाळगता बडग्याला झाका. एकदा आमचा इतका भिजला की पेटेचना, तासभर नुसता धूर, शेवटी एका घरच्या शेगडीतले कोळसे आणून आत टाकले तेव्हा कुठे पेटला. जळून होईपर्यंत थांबायचं, अर्धवट सोडून जायचं नाही. घरी जाताना आमच्याकडे सगळे पाय धुतात मगच आत जातात, आणि मागे वळून पाहू नये म्हणतात. मी पाहतो, पण आईला सांगत नाही.

खर्च आम्हाला अडीच-तीन हजार येते, ठेल्याचं भाडं धरून. वर्गणी घराला वीस-तीस रुपये, त्याच्या वर कोणाकडून घेत नाही. एकानं पाच हजार देतो म्हटलं होतं, पाटीवर दुकानाचं नाव टाका म्हणे. म्हटलं भाऊ, तुमचं दुकान जाळू का आम्ही?

आणि ती वही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या ज्या गोष्टी महानगरपालिकेच्या आहेत त्यांचा एक अर्ज बनवायचा, घर क्रमांकासकट, सगळ्यांच्या सह्या, जळत्या बडग्याचा फोटो जोडून, आणि झोन ऑफिसात द्यायचा, पोच घ्यायची. ज्या आपल्या आपण करता येतात त्या करायच्या. नालीच्या वर्षी आम्ही अर्ज पण दिला आणि रविवारी दोन ट्रॉली मुरूम आणून कोपऱ्यातलं डबकं पण बुजवलं. नालीचं काम व्हायला पुढे दीड वर्ष लागलं, मधल्या बडग्यात ती परत होती, या वेळी दाढी वाढलेली. दारूचं काही झालं नाही. ती चिठ्ठी दरवर्षी त्याच दोन-तीन घरांतून येते, अक्षरावरून ओळखू येते, आणि आम्ही ती वाचून गप्प ढिगात ठेवतो. त्याच्यासाठी माझ्याकडे काही युक्ती नाही.

राख थंड झाली की भिंतीवर लिहिलेला तारांचा आकडा आठवा. तेवढे तुकडे राखेतून मोजून काढायचे, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधलं की लवकर निघतात. आमचे मागच्या वर्षी चौदा होते, तेरा सापडले, चौदावा दुसऱ्या दिवशी माझ्याच गाडीच्या मागच्या टायरात निघाला.